माजी अध्यक्ष वार्डातून उभा राहिला तर?

प्रश्न : आमच्याकडं पंचायत समितीचे सभापती होऊन गेलेले एक काका औंदा ग्रामपंचायतीला वार्डातून फॉर्म भरायलेत. पारावरची पोरं हसायलीत, म्हणतात लै खाली आले. अमेरिकेत कुण्या प्रेसिडेंटनं उतरल्यावर अशी खालची निवडणूक लढवलीय का हो?
– एक वाचक, ता. औसा

उत्तर : लढवलीय की! जॉन क्विन्सी अॅडम्स. १८२५ ते १८२९ अमेरिकेचे सहावे प्रेसिडेंट, आन १८३० मध्ये निवडून आले ते थेट तिकडच्या खालच्या सभागृहात, आपल्या लोकसभेसारखं समजा, साधे मेंबर म्हणून. मॅसॅच्युसेट्समधून सलग नऊ टर्म. प्रेसिडेंट राहून नंतर त्या सभागृहात बसलेला हा एकच माणूस (अँड्र्यू जॉन्सन १८७५ ला वरच्या सभागृहात, सिनेटमध्ये गेले होते, पण काही महिन्यांतच वारले).

तुमच्या पारावरच्या पोरांसारखंच तिकडंही लोक कुजबुजले, घरच्यांनाही पटलं नव्हतं. अॅडम्स काय म्हणाले ते त्या काकांना जरूर सांगा: लोकांनी निवडून दिलं तर माजी प्रेसिडेंटनं गावच्या पंचात बसायलाही कमीपणा नाही. आन डायरीत तर लिहून ठेवलंय की प्रेसिडेंट झालो तेव्हा जो आनंद झाला त्याच्या दुप्पट आज झाला.

होणारच म्हणा. प्रेसिडेंटकीत त्यांना सुख कुठं मिळालं? १८२४ च्या निवडणुकीत चौघं उभे, अँड्र्यू जॅक्सनला ९९ इलेक्टोरल मतं (राज्याराज्यातून प्रेसिडेंट निवडायला नेमलेल्या माणसांची मतं), यांना ८४, पण बहुमताला लागायची १३१, म्हणून मामला खालच्या सभागृहात गेला आन तिथं एका राज्याला एक मत. चौथ्या नंबरवरचे हेन्री क्ले शर्यतीतून बाहेर पडलेले, त्यांनी वजन यांच्या पारड्यात टाकलं, १३ राज्यं मिळाली, अॅडम्स निवडून आले. आन लगेच क्लेंना परराष्ट्रमंत्री केलं! झेडपीच्या अध्यक्षपदाआधी मेंबरं सहलीला जातात आन आल्यावर कुणाला सभापतीपद मिळालं हे ज्यानं बघितलंय त्याला पुढचं सांगायची गरज नाही. 'सौदा झाला' म्हणून जॅक्सनची माणसं चार वर्षं बोंबलत राहिली. सौदा खरंच झाला होता का याचा कागद कुठं नाही, पण मला विचाराल तर क्लेंना ते पद देणं हा शुद्ध अडाणीपणा होता, इतका शिकलेला माणूस आन एवढं कळू नये? रस्ते, कालवे, राष्ट्रीय विद्यापीठ, वेधशाळा असलं मोठं मोठं मांडलं, काँग्रेसनं, म्हणजे तिकडच्या संसदेनं, बरंचसं उडवून लावलं. १८२८ ला जॅक्सन १७८, हे ८३. पडले. रागानं नव्या प्रेसिडेंटच्या शपथविधीलाही गेले नाहीत.

खरा माणूस दिसतो तो याच्यानंतर. तेव्हा गुलामगिरीविरुद्ध लोकांचे अर्ज ढिगानं यायचे, तर दक्षिणेकडच्या मेंबरांनी १८३६ मध्ये नियमच करून घेतला की असला अर्ज आला की वाचायचा नाही, चर्चा नाही, तसाच बाजूला. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना निजामाच्या काळातली गश्ती ५३ आठवत असेल, परवानगीशिवाय सभा नाही, त्यातलाच प्रकार, फरक एवढाच की हा खुद्द लोकांनी निवडलेल्या सभागृहात. अॅडम्स रोज नवा अर्ज घेऊन उभे, रोज आरडाओरडा. १८४२ ला तर त्यांच्यावर ठपक्याचा ठराव आणला, यांनी त्यावर बोलायला सुरुवात केली आन इतके दिवस खिंड लढवली की आणणारेच कंटाळून गप्प बसले. ३ डिसेंबर १८४४ ला तो नियम गेला. आठ वर्षं लागली.

मधल्या काळात १८४१ मध्ये, वय ७३, सुप्रीम कोर्टात आमिस्ताद जहाजाची केस लढले. आफ्रिकेतून पळवून क्युबात विकलेल्या माणसांनी जहाजच ताब्यात घेतलेलं, आन ती माणसं परत कुणाच्या तरी मालकीची म्हणून द्यायची का असा प्रश्न होता. पहिल्याच दिवशी चार तासाच्या वर बोलले. कोर्टानं सोडलं त्यांना, जी ३५ जणं वाचली होती ती सिएरा लिओनला परत गेली.

२१ फेब्रुवारी १८४८ ला मेक्सिकोविरुद्धच्या लढाईतल्या अमेरिकन जनरलांचं कौतुक करायचा ठराव होता, यांनी मोठ्यानं 'नाही' म्हटलं आन थोड्याच वेळात जागेवरच कोसळले, दोन दिवसांनी त्याच इमारतीत स्पीकरच्या खोलीत वारले. लिंकन तेव्हा त्याच सभागृहात नवखे मेंबर होते.

प्रश्न : पण त्यांचे वडीलही प्रेसिडेंट होते ना? मग ही घराणेशाहीच की.
– एक वाचक, माजलगाव

उत्तर : होते, जॉन अॅडम्स, दुसरे. आन फायदा झाला नाही असं कोण म्हणतंय, दहा वर्षांचं पोरगं वडलांबरोबर जहाजातून फ्रान्सला जातं, चौदाव्या वर्षी रशियात अमेरिकेच्या राजदूताचा सेक्रेटरी होतं, हे काय कुणाच्याही पोराला मिळतं का. पण एक गोष्ट बघा. वडलांना १८०० मध्ये पाडलं जेफरसननं. सात वर्षांनी सिनेटमध्ये असताना पोरानं त्याच जेफरसनच्या व्यापारबंदीला पाठिंबा दिला, कारण देशासाठी ते बरोबर वाटलं. स्वतःच्या पार्टीनं मुदत संपायच्या आधीच दुसरा माणूस नेमला, यांनी राजीनामा दिला. घराणेशाहीतली पोरं असं करताना मी तरी कमीच बघितलीत, तुमच्या तालुक्यात असलं कुणी तर कळवा.

प्रश्न : प्रेसिडेंट असताना रोज नदीत उघड्यानं पोहायचे, हे खरं का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : खरंय. पोटोमॅक नदी, भल्या पहाटे. १८२५ मध्ये तर होडीत पाणी शिरलं, कपडे अंगावर घेऊनच पोहत काठ गाठावा लागला. ती एक बाई काठावरच्या त्यांच्या कपड्यांवर बसून राहिली आन मुलाखत दिल्याशिवाय उठली नाही ही व्हॉट्सअॅपवाली गोष्ट मात्र सोडून द्या, रचलेली आहे.