इंजिन जाम, गिअरबॉक्स घ्यावा का?

प्रश्न : माझ्या पेट्रोल स्विफ्टचा तिसरा गिअर सुटतो. कळंबोलीत तसंच मॉडेल भंगारात आहे, इंजिन जाम. गिअरबॉक्स घेऊ का? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : आधी विचारा, इंजिन जाम कशाने झालं? इंजिनचं ऑइल संपून असेल तर गिअरबॉक्स बहुधा शाबूत, त्याचं ऑइल वेगळं असतं. पाणी शिरून असेल तर सावध. 26 जुलै 2005 च्या पुरातल्या गाडीचा मी घेतला होता. त्यातलं ऑइल पाणी मिसळून दुधाच्या चहासारखं निघालं!

पुढचं एकच चाक जॅकवर घ्या, कुणाला तरी क्लच दाबून धरायला लावा आणि एकेक गिअर टाकून चाक हाताने फिरवा. खरखर आली तर सोडा. गिअरबॉक्सच्या ऑइलात लोहचुंबक फिरवा : राखाडी लेप चालेल, कपच्या नकोत. डिझेलचा गळ्यात मारतील, घेऊ नका.