सुट्टी संपत आली की आमचं भांडणच का होतं?

“मॅडम, पहिले पंधरा दिवस सोन्यावाणी गेले. आता जायला आठ दिवस राहिलेत तर आम्ही दोघं रोज भांडायलोत, कशावरनंबी. असंच तोंड फिरवून गेले आणि तिकडं काही झालं तर मी काय करू?”

हा प्रश्न मला दरवर्षी पाच-सात वेळा तरी येतो. लातूरला समुपदेशनाला बसते मी, आणि आपल्या भागातल्या फौजीच्या बायका सहसा दुसरंच कारण सांगून येतात, लेकरू जेवत नाही, झोप लागत नाही वगैरे, आणि उठता उठता हे विचारतात. ही ताई मात्र बसल्या बसल्याच बोलली. निलंग्याकडची (ओळख पटेल असं सगळं बदललंय). नवरा हवालदार, अडीच वर्षं पीस स्टेशनला होते म्हणून ही दोन लेकरं घेऊन क्वार्टरमध्ये सोबत राहायची. आता युनिट लडाखला, फील्डला चाललेलं, तिथं फॅमिली नेता येत नाही, म्हणून बिऱ्हाड उचलून सासरी. येळवस, म्हणजे आपल्याकडचा वेळ अमावस्येचा शेतातला सण, साधून सुट्टी घेतली होती त्यांनी, शेतात कडब्याची कोप केली, आंबील-भज्जी झाली, सगळे खूश, आणि दुसऱ्या दिवसापासनं सुरू.

आधी तिला एवढंच सांगितलं की हे तुमच्याच घरात होत नाही. 1987 साली कॅथलीन व्हेस्टल लोगन नावाच्या अमेरिकन बाईंनी नेव्हीवाल्यांच्या बायकांबद्दल लिहिताना, निघायच्या आधीपासून ते घरी येऊन पुन्हा रुळेपर्यंत सात टप्पे सांगितलेत, त्यात निघायच्या तोंडावर मन आधीच आखडून घेणं हा एक सरळ टप्पाच आहे. ज्याच्यावर राग आलाय त्याला निरोप देणं जरा सोपं जातं, म्हणून मन आपोआप राग काढतं. अर्थात त्या बाईंच्या हिशोबात सासू घरात नव्हती. इथं अडीच वर्षं स्वतःचा गॅस स्वतः पेटवणारी बाई पुन्हा दुसरीच्या चुलीपाशी आलेली, मीठ कुठंय ते विचारून घ्यायचं. अर्धं भांडण तिथलंच होतं.

दुसऱ्या दिवशी दोघांना बोलावलं. तो आला तोच म्हणाला, “मॅडम, हिला टेन्शन देऊ नका, मी तिकडनं सगळं बघतो की.” हे वाक्य मला लई वेळा ऐकायला मिळतं, म्हणून एक करून बघितलं. म्हटलं तुमचा फोन एरोप्लेन मोडवर टाका, समजा वर पोस्टवर आहात, रेंज नाही, आणि ताई तुम्ही आता गॅस बुक करा. तिनं फोन काढला. गॅस सासऱ्याच्या नावावर, नंबर ह्याचा. बँकेचा ओटीपी ह्याच्या फोनवर, लाईट बिल ह्याच्या ॲपमधनं, पीक विमा आणि ई-पीक पाहणीला पण नंबर ह्याचाच, आणि पगाराचं एटीएम कार्ड सासऱ्याच्या खिशात. ती पाच मिनिटं फोनकडं बघत बसली, तो टेबलावरच्या आपल्या बंद फोनकडं. मग हळूच म्हणाला, “म्हणजे हिला दोनशे रुपये लागले तर आबांना मागावं लागंल.” ती म्हणाली, “तेच तर आठ दिवस झालं सांगायलेय, तुम्हाला वाटलं मी आबांवर संशय घ्यायलेय.”

बघा, मीठ, स्वेटर, पाहुण्याकडं जायचं का नाही, ह्या सगळ्या भांडणाच्या खाली हा एक प्रश्न दडून बसला होता आणि विचारायचा कसा म्हणून विचारला जात नव्हता.

मग त्यांना काम दिलं. तो घरात असतानाच तो नाही असं समजून घर चालवायचं, निदान पाच दिवस. पाण्याची मोटार तिनं चालू करायची, धाकट्याला डॉक्टरकडं तिनं न्यायचं, बँकेत तिनं जायचं, आणि त्यानं हातावर हात ठेवून बसायचं, चुकलं तरी मधी बोलायचं नाही. त्याला पटेना. सुट्टीला आलेल्या माणसानं घरात बसून राहायचं म्हणजे लोक काय म्हणतील. पण मग त्यालाच आठवलं, “आम्हाला पण वर एकदम चढवत नाहीत मॅडम, आधी सहा दिवस खालीच ठेवतात, मग अजून वर गेलो की चार दिवस, परत वर गेलो की चार, हवा विरळ असती ना.” म्हटलं तेच, घराला पण ते सहा दिवस द्या. ही गोष्ट मी नंतर बऱ्याच जणांना सांगितली, पण सुचली त्याला.

कागदाचं मात्र अवघड गेलं. धाकट्याच्या जन्माची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेतली अधिकृत नोंद, निघाली होती का विचारलं तर दोघं एकमेकांकडं बघायला लागले. लेकरू दीड वर्षाचं झालं तरी कागद द्यायचे राहिले होते. ती ऑर्डर निघाली नाही तर रेकॉर्ड ऑफिसला त्या लेकराची नोंदच नसते, मग डिपेंडंट कार्ड, मिलिटरी हॉस्पिटल, सगळं अडतं. आणि ग्रुप इन्शुरन्सला नॉमिनी अजून लग्नाआधीचाच, म्हणजे आई. हा विषय निघाला की घरातलं कुणीतरी म्हणतंच, “शुभ बोल रे नाऱ्या”, आणि वही बंद होते. मी त्यांना म्हटलं ह्याला मरणाचं नाव देऊच नका, आईचं नाव काढायचं असंही काही नाही, कुणाला किती ते त्यानं शांतपणे ठरवावं, आणि ठरलेलं आईला त्यानं स्वतः सांगावं, बायकोच्या तोंडून कळलं तर वर्षभर तिलाच ऐकावं लागंल. सोबत एका वहीच्या पानावर त्याचा आर्मी नंबर, युनिट, फौजी टपालाचा 56 एपीओचा पत्ता, रेकॉर्ड ऑफिसचा आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा फोन. पान ज्वारीच्या कोठीच्या वरच्या फळीवर, मोबाईलमध्ये नाही. घरी काही झालं तर पूर्वी तार करायचे, 2013 च्या जुलैत तारच बंद झाली, आता युनिटलाच कळवावं लागतं, आणि नंबर कुणाकडं नसतो.

आता थोरली. सहा वर्षांची. ह्या भांडणातच तिनं पप्पाच्या काळ्या ट्रंकेची किल्ली लपवली होती, दोन दिवस घर उलथंपालथं, शेवटी ज्वारीच्या कोठीत सापडली, आणि तो तिच्यावर ओरडला. 2025 च्या मे महिन्यात सुट्ट्या कॅन्सल झाल्या तेव्हा हा पण रातोरात परत गेला होता, पोरगी झोपलेली, उगं रडंल म्हणून उठवलं नाही, आणि सकाळी आजीनं सांगितलं पप्पा दुकानाला गेलेत. तेव्हापासनं ती आईचा पदर बोटाला गुंडाळून झोपते. झोपेत माणूस जातो हे तिला कळलंय, मग ती झोपंल कशी?

झोपेत सोडून जाऊ नका, हे मी हात जोडून सांगते. लेकरू रडंल, रडू द्या. सांगायचं थोडं आणि खरं: कामाला चाललोय, लांब, बर्फ आहे, फोन रोज लागणार नाही. कधी येणार विचारलं तर तारीख सांगायची नाही, कारण सुट्टी पुढं-मागं होते आणि लेकरं तारीख विसरत नाहीत. मोठ्यांनी पण हेच धरावं, चार दिवस फोन नाही म्हणजे वाईट बातमी असं नसतं, आणि टीव्ही बघून युनिटचं नाव, जागा स्टेटसला टाकायची नाही.

ट्रंकेला दोन किल्ल्या होत्या, एक त्यानं थोरलीला दिली ठेवायला.

तीन आठवड्यांनी ताईचा फोन आला. परभणीला सचखंड एक्सप्रेसवर सोडायला सगळे गेले होते, पोरगी प्लॅटफॉर्मवर लई रडली, रात्री झोपली. म्हटलं आणि भांडण? “झालं की! आदल्या रात्री, लाडवाच्या डब्यावरनं. मी म्हणले न्या, हे म्हणले वजन होतंय.” आणि हसली. कार्ड आता तिच्याकडं आहे, गॅसचा ओटीपी पण तिच्या फोनवर येतो, आबा दोन दिवस फुगले होते. सासूबाई मात्र ऐकेनात, धाकट्याला अजून तेच सांगतात पप्पा दुकानाला गेलेत म्हणून, आणि थोरली गळ्यातली किल्ली धरून दर वेळी आजीला दुरुस्त करते, “दुकानाला नाही गं आजी, लडाखला.”