तीच, का तशीच?

प्रश्न: नमस्कार सर, आमचं कोल्हापुरात चप्पल लाईनीत दुकान आहे, दुकान बाबा बघतात आणि बाहेरच्या ऑर्डरींचे इंग्रजी मेल मी लिहिते. लंडनला राहणाऱ्या एक बाई मागच्या वर्षी आमच्याकडनं कापशी, म्हणजे कोल्हापुरी चपलेचा एक प्रकार, घेऊन गेल्या होत्या, यंदा पायातल्या त्या जोडाचा फोटो पाठवून म्हणाल्या सेम पाहिजे. मी लिहिलं, ‘यस मॅडम, सेम पीस विल कम.’ बाबांनी त्याच कारागिराकडनं त्याच मापाचा जोड करून घेतला. पोचल्यावर त्यांचा मेल आला की हा डिफरंट आहे, रंग फिका आहे. बाबा म्हणतात, अगं तसाच तर पाठवलाय. माझं इंग्रजी चुकलं का? आणि डिफरंटच्या पुढं फ्रॉम, टू का दॅन, तिथं मी दरवेळी अडखळते.

उत्तर: ताई, बाबांचं बोलणं परत एकदा ऐका. ते ‘तसाच’ म्हणाले, ‘तोच’ नाही म्हणाले. मराठीत ह्या दोन शब्दांत कुणाची गफलत होत नाही, शाळेची पायरी न चढलेल्या आजीची पण नाही. मी रोज त्याच केएमटी बसनं जातो आणि शेजाऱ्यानं तशीच गाडी घेतली, ह्यातला फरक कुणाला शिकवावा लागत नाही. इंग्रजीतला सेम मात्र दोन्हीकडं चालतो. ‘वी हॅव द सेम बाइक’ म्हटलं तर दोघांत मिळून एक गाडी आहे का दोघांकडं एकाच मॉडेलच्या दोन आहेत, हे नुसत्या वाक्यावरनं कळत नाही, मागचं पुढचं बघून ठरवावं लागतं. तुम्ही ‘तशीच’ मनात धरून लिहिलं, त्यांनी ‘हुबेहूब तीच’ असं वाचलं.

त्यात ही वस्तू हातानं केलेली. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं, एकाचा रंग दुसऱ्यासारखा उतरत नाही, आणि त्यांचा जोड वर्षभर वापरून, तेल पिऊन गडद झालेला, त्याच्याशेजारी नवा कोरा जोड ठेवला तर तो फिका दिसणारच. ही गोष्ट तुम्हाला आणि बाबांना इतकी माहितीची की लिहायचं सुचलंच नाही, तिकडच्या माणसाला ती कशी कळणार?

म्हणून सेम लिहिलं की कशात सेम ते लगेच लिहायचं. ‘सेम पीस’ मधनं काहीच कळत नाही. असं लिहून बघा: ‘द साइझ अँड डिझाइन आर द सेम ॲज युअर लास्ट पेअर, बट द कलर विल बी स्लाइटली डिफरंट.’ ह्यात कबूल काय केलं आणि काय नाही हे स्वच्छ आहे. ह्याच वाक्यात आणखी दोन गोष्टी बघा. सेमच्या आधी ‘द’ आलाय, तो आपण बोलताना सर्रास गाळतो पण लिहिताना घालायचा (धिस, दॅट असेल तर मग ‘द’ नको). आणि सेमच्या पुढं ‘ॲज’ आलाय. ‘सेम टू धिस’ असं खूप जण लिहितात, मला वाटतं ते दिवाळीच्या ‘सेम टू यू’ वरनं येत असावं, पण तिथला ‘टू यू’ म्हणजे ‘तुम्हालाही’, तो तुलनेचा नाही.

‘टू’ लागतो तो सिमिलरला. सिमिलर म्हणजे मिळताजुळता, थोडा फरक असणार हे त्यात आधीच कबूल आहे, त्यामुळं हाताच्या कामाला हा शब्द मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. आयडेंटिकल मात्र तुमच्या धंद्यात वापरूच नका, त्याचा अर्थ तिळमात्र फरक नाही असा होतो. अलाइक हा नामाच्या आधी येत नाही, ‘दे लुक अलाइक’ बरोबर, ‘अलाइक चप्पल्स’ चूक.

जाता जाता एक सांगतो, सेम आणि आपला ‘सम’, जो समानमधे आहे, हे मुळात एकाच घराण्यातले शब्द आहेत.

आता डिफरंट. आपण ‘दॅन’ लिहितो कारण आपलं ‘पेक्षा’ दोन्हीकडं चालतं, ह्यापेक्षा मोठं, ह्यापेक्षा वेगळं. त्याऐवजी ‘हून’ आठवा. कोल्हापूरहून आलो म्हणजे फ्रॉम कोल्हापूर, तसं ह्याहून वेगळं म्हणजे डिफरंट फ्रॉम धिस. फ्रॉम सगळीकडं चालतं, ते धरून राहा. ‘टू’ ब्रिटनमधे बोलण्यात भरपूर ऐकू येतं, ‘दॅन’ अमेरिकेत, खास करून पुढं अख्खं वाक्य आलं की, ‘डिफरंट दॅन आय एक्स्पेक्टेड’. त्यामुळं त्या लंडनच्या बाईंनी उद्या ‘डिफरंट टू’ लिहिलं तर ती चूक समजू नका. टूला चूक म्हणणं हा गैरसमज आहे असं हेन्री फाउलर ह्या इंग्रज कोशकारानं 1926 मधेच लिहून ठेवलंय, तरी आपल्याकडं अजून त्यावर पोरांचे मार्क कापतात, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

प्रश्न: सर, माझी गुळाची अडत आहे. दोन लॉटची वेगळी बिलं पाहिजे होती म्हणून पार्टीला ‘सेंड डिफरंट बिल’ असं लिहिलं, तर त्यांनी पहिलं बिल रद्द करून दुसरंच नवीन पाठवलं. असं का झालं?

उत्तर: कारण आपलं ‘वेगळं’ दोन कामं करतं. चव वेगळी आहे, इथं डिफरंट. पण रस्सा वेगळ्या वाटीत द्या, इथं वाटी निराळ्या जातीची नको असते, नुसती सुटी पाहिजे असते, तिथं इंग्रजीत सेपरेट. तुम्हाला पण सुटी बिलं पाहिजे होती आणि डिफरंट बिल म्हटल्यावर पार्टीला वाटलं हे पसंत नाही, दुसरं पाहिजे. पुढच्या वेळी ‘प्लीज सेंड सेपरेट बिल्स फॉर द टू लॉट्स’ असं लिहा, आणि ‘बिल्स’ मधला शेवटचा ‘स’ विसरू नका, दोन बिलं पाहिजेत हे त्यावरनंच कळतं.