राष्ट्रीय रोइंग संघाच्या निवड चाचणीची तयारी कशी करावी आणि तिथे नेमके काय पाहिले जाते?

तुम्ही लिहिले आहे की तुमचे वय २२ आहे, वजन ७२ किलो आहे, अर्गोमीटरवर (जमिनीवर बसून वल्हवण्याचा सराव करण्याच्या यंत्रावर) २००० मीटरची वेळ ६ मिनिटे २० सेकंद आहे, रोइंग उशिरा सुरू केले आणि आतापर्यंतचा सराव बहुतेक आठ जणांच्या बोटीतच झाला. वर्षभराने येणाऱ्या राष्ट्रीय निवड चाचणीसाठी कशावर भर द्यावा, हा तुमचा प्रश्न आहे. मी स्वतः अशा चाचण्यांतून गेलो आहे आणि पुढे काही हंगाम प्रशिक्षकांसोबत मोटरबोटीत बसून वेळा टिपण्याचे कामही केले आहे. त्या अनुभवावरून माझे ठाम मत असे आहे की यंत्रावरील आकडा तुम्हाला चाचणीच्या दारापर्यंत नेतो, पण जागा मिळते ती तुम्ही बसल्यावर इतरांची बोट किती वेगाने जाते यावर, आणि या दुसऱ्या गोष्टीची स्वतंत्र तयारी फार थोडे उमेदवार करतात.

उशिराची काळजी आधी बाजूला ठेवू. ब्रिटनच्या हेलन ग्लोव्हर यांनी २००८ मध्ये, म्हणजे विशी ओलांडल्यावर, रोइंग सुरू केले आणि २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये हेदर स्टॅनिंग यांच्यासह दोघींच्या बोटीत सुवर्णपदक मिळवले. इतर खेळांतून ग्लोव्हर यांचे शरीर आधीच घडलेले होते, हे खरे आहे. तरीही तंत्र चार वर्षांत त्या पातळीला नेता येते, एवढे त्यावरून दिसते.

अर्गोमीटरवर वेळ आणि शक्ती यांचे नाते सरळ प्रमाणाचे नसून घनाचे असते. ६ मिनिटे २० सेकंदांसाठी सरासरी सुमारे ४०८ वॅट लागतात, तर ६ मिनिटे १० सेकंदांसाठी सुमारे ४४२. म्हणजे केवळ दहा सेकंदांसाठी ३४ वॅट अधिक, आणि पुढचे प्रत्येक दहा सेकंद त्याहून महाग पडतात. ही वाढ आठवड्याला चार वेळा जीव तोडून वल्हवल्याने येत नाही. २००० मीटरच्या शर्यतीतील सुमारे ७० ते ८० टक्के ऊर्जा प्राणवायूच्या साहाय्याने तयार होते, म्हणून सरावाचा मोठा भाग मिनिटाला १८ ते २० स्ट्रोकच्या (वल्ह्याच्या फटक्यांच्या) गतीने, बोलता येईल इतक्या श्रमात, दीर्घकाळ करावा लागतो. तीव्र सराव आठवड्यातून दोनदा पुरतो. हा हलका सराव खरोखर हलका ठेवणे हीच उमेदवारांना सर्वांत अवघड जाणारी शिस्त आहे, कारण शेजारच्या यंत्रावरचा आकडा डोळ्यांना दिसत असतो. सरावाचे प्रमाण मात्र हळूहळू वाढवा. कंबर आणि बरगड्या हे रोइंगमधील नेहमीचे दुखण्याचे भाग आहेत, आणि बरगडीला ताणामुळे तडा गेला तर कित्येक आठवडे हातातून जातात.

यंत्र जे दाखवत नाही, ते पाण्यावर उघड होते. यंत्रावर तुमचे वजन कोणाला वाहावे लागत नाही. बोटीत मात्र प्रत्येक किलोमुळे ती थोडी अधिक बुडते आणि पाण्याचा रोध वाढतो. वल्हे उशिरा पाण्यात घालण्याची सवय यंत्रावर उघडी पडत नाही, आणि पुढे सरकताना शरीर घाईने आणले तर बोटीचा वेग कसा मारला जातो, हेही तिथे कळत नाही. आठ जणांच्या बोटीत हे दोष इतर सात जण झाकतात. म्हणून तुमच्यासाठी माझा पहिला सल्ला असा की पुढचे सहा महिने जमेल तितका वेळ दोघांच्या बोटीत किंवा एकट्याच्या बोटीत काढा. दोघांच्या बोटीत दोन्ही बाजूंना बसायला शिका. ज्याला डावी-उजवी दोन्ही वल्ही सारखीच चालतात, त्याला प्रशिक्षक कुठेही बसवून पाहू शकतात.

आता सीट रेसिंग, म्हणजे बोटींतील खेळाडूंची अदलाबदल करून त्यांची तुलना करण्याची पद्धत. समजा चौघांच्या दोन बोटी बरोबरीने सोडल्या आणि पहिली बोट दोन सेकंदांनी पुढे आली. मग दोन्ही बोटी एकमेकींना लावून प्रत्येकीतील एकेका खेळाडूची अदलाबदल करतात आणि तेच अंतर पुन्हा वल्हवतात. या वेळी पहिली बोट दीड सेकंदाने मागे पडली, तर एकूण फरक साडेतीन सेकंदांचा झाला, आणि तो पहिल्या बोटीतून दुसरीत गेलेल्या खेळाडूच्या नावावर जमा होतो. बदल दोन्ही बोटींवर झालेला असल्याने काही प्रशिक्षक हा फरक निम्मा करून मोजतात. स्ट्रोकची गती आधीच ठरवून दिलेली असते, जेणेकरून कोणी केवळ भराभर वल्ही मारून निकाल फिरवू नये. आणि कोणाची अदलाबदल होणार हे शेवटपर्यंत सांगत नाहीत, जेणेकरून कोणी मित्रासाठी हात राखून ठेवू नये. मध्येच वारा बदलला किंवा चौथ्या-पाचव्या फेरीपर्यंत सगळे थकले, तर निकाल डळमळतो, म्हणून चांगले प्रशिक्षक तीच तुलना वेगळ्या जोड्यांतून पुन्हा करून पाहतात.

या पद्धतीत टिकणाऱ्या खेळाडूंत मला एक गुण सातत्याने दिसला आहे. अनोळखी बोटीत बसल्यावर पहिल्या दहा स्ट्रोकमध्ये ते पुढच्याची लय ओळखतात, तिच्यात मिसळतात आणि मगच आपले बळ लावतात. हे सरावाने येते. दर आठवड्याला वेगवेगळ्या जोडीदारांसोबत बसा, आपल्यापेक्षा कमकुवत जोडीदारही टाळू नका, आणि फूट-स्ट्रेचरची (बोटीत पाय टेकवण्याच्या सरकत्या फळीची) आपली जागा पाठ ठेवा, म्हणजे बदलीच्या वेळी दोन मिनिटांत नीट बसता येईल. चाचणीच्या सर्व फेऱ्यांत सारखेच वल्हवा. ज्या फेरीत तुमची बदली होणार नाही असे वाटते, तीच पुढच्या तुलनेचा पाया असू शकते.

लहान बोटींच्या चाचण्यांत वेळेची तुलना बहुधा त्या प्रकारच्या बोटीसाठी ठरवलेल्या प्रमाणवेळेच्या टक्केवारीत करतात, त्यामुळे एकट्याच्या आणि दोघांच्या बोटीतील खेळाडू एकाच यादीत येतात. त्या टक्केवारीकडे आतापासूनच लक्ष द्या.

वजनाबद्दल माझे उत्तर स्पष्ट आहे: उतरवू नका. पुरुषांच्या हलक्या वजनी गटाची वैयक्तिक मर्यादा ७२.५ किलो आणि संघाची सरासरी ७० किलो अशी ठरलेली होती, परंतु पॅरिस २०२४ नंतर ऑलिंपिकमधून या गटाच्या शर्यती वगळल्या गेल्या आहेत. लॉस एंजेलिस २०२८ मध्ये समुद्रकिनाऱ्यावरील रोइंगच्या शर्यतींचा प्रथमच समावेश होणार आहे आणि सपाट पाण्यावरील शर्यत नेहमीच्या २००० ऐवजी १५०० मीटरची होणार आहे. ७२ किलोच्या शरीराला खुल्या गटात टिकायचे असेल, तर वजनप्रशिक्षणातून दोन-तीन वर्षांत बळ मिळवणे हाच मार्ग आहे.

आपल्या संघटनेचे निवडीचे लेखी निकष मागवून दोनदा वाचा. कोणत्या तारखेपर्यंत कोणती वेळ नोंदवायची, आजारी पडल्यास काय, आक्षेप किती दिवसांत घ्यायचा, हे त्यात असते. ऑलिंपिकची पात्रता देशाच्या बोटीला मिळते, खेळाडूला नाही. ती मिळवून देणाऱ्यालाही पुढे आपली जागा पुन्हा जिंकावी लागू शकते, आणि बाहेर राहिलेल्याला त्याच कारणाने पुन्हा दार उघडे राहते. म्हणून यादीत नाव राखीव म्हणून आले किंवा आलेच नाही, तर त्याच आठवड्यात प्रशिक्षकांकडून आपल्या प्रत्येक फेरीतील फरक सेकंदांत लिहून घ्या, आणि तुम्ही ज्यांच्यासोबत वेगवान ठरलात व ज्यांच्यासोबत मंद, त्यांची नावे शेजारी मांडा. पुढच्या हंगामात कोणासोबत आणि कोणत्या बाजूला सराव करायचा, हे त्या कागदावरून ठरवता येईल.