उधाणाच्या तारखा आधी कळवा

प्रश्न : मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात प्राणिशास्त्राची सहायक प्राध्यापक आहे. खाडीतील तिसऱ्यांवरील (खाण्याच्या शिंपल्यांवरील) माझ्या पीएच.डी.चे चौथे वर्ष सुरू आहे. नॅकचा (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेचा) एक निकष, राष्ट्रीय सेवा योजना, परीक्षा समिती, वार्षिकांक आणि एका संपादित पुस्तकातील प्रकरण, इतके मी अंगावर घेतले आहे. ‘तुमच्याशिवाय होणार नाही’ असे प्राचार्य म्हणाले की मला नकार देववत नाही. नमुने घेण्याच्या फेऱ्या मात्र चुकत आहेत. काय करावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रातील चुकलेल्या फेऱ्यांचा उल्लेख मला सर्वांत गंभीर वाटला. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या ओहोटीला खाडीचा जो खालचा पट्टा उघडा पडतो, तो भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी चढउताराच्या दिवसांत पाण्याखालीच राहतो, हे तुम्ही माझ्याहून चांगले जाणता. समितीची बैठक मंगळवारऐवजी गुरुवारी घेता येते. रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकणारी ओहोटी कोणाच्याही सोयीने बदलता येत नाही, आणि श्रावणातला हुकलेला नमुना पुन्हा मिळायला पुढचा श्रावणच यावा लागतो.

म्हणून सुरुवात तिथूनच करा. भारतीय सर्वेक्षण विभागाची भरती-ओहोटीची कोष्टके वर्षभराची आगाऊ प्रसिद्ध होतात. त्यांवरून पुढील सत्राच्या तारखा काढा आणि वेळापत्रक ठरण्यापूर्वीच प्राचार्यांना लेखी द्या. समोरासमोर नाही म्हणणे ज्यांना जड जाते, त्यांना आधीच कळवलेली तारीख फार उपयोगी पडते, कारण त्या दिवशीच्या बैठकीला नकार देण्याची वेळच सहसा येत नाही.

दुसरे काम हिशेबाचे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार शिक्षकाचा कार्यभार आठवड्याला किमान ४० तासांचा असून सहायक प्राध्यापकासाठी त्यांतील १६ तास प्रत्यक्ष अध्यापनाचे आहेत. उरलेल्या तासांत तयारी, उत्तरपत्रिका, संशोधन आणि समित्या कशा बसतात, ते एका कागदावर मांडा आणि कोणते काम कोणाकडे द्यावे, हे प्राचार्यांनाच विचारा. त्यांना तुमच्याविषयी विश्वास आहे, पण तुमच्या आठवड्याचे चित्र त्यांच्यासमोर बहुधा कधी आलेलेच नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगते. तुमच्या विभागात तासिका तत्त्वावर काम करणारे सहकारी असतील, तर तुमचे ओझे त्यांच्याकडे सरकू देऊ नका. त्यांना घेतलेल्या तासांचेच मानधन मिळते. वार्षिकांक भाषा विभागाने सांभाळावा, हे अधिक योग्य होईल. राष्ट्रीय सेवा योजना तुम्हाला मनापासून आवडत असेल, तर ती अवश्य ठेवा. सगळेच सोडायला मी सांगत नाही.

पीएच.डी.च्या २०२२ च्या नियमांत कमाल मुदत सहा वर्षांची असून पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे मिळू शकतात, आणि महिलांसाठी त्यापुढेही दोन वर्षांच्या सवलतीची तरतूद आहे. ही सवलत आजारपण किंवा बाळंतपण यांसारख्या प्रसंगांसाठी राखून ठेवावी. वार्षिकांकाच्या मुद्रितशोधनात ती खर्ची पडली, तर मला फार वाईट वाटेल.

राहिले पुस्तकातील प्रकरण. ते जमणार नाही, असे संपादकांना याच आठवड्यात कळवा, म्हणजे त्यांना दुसरा लेखक शोधायला पुरेसा अवधी मिळेल.