हँडल घेण्याआधी भोकं मोजा

ड्रॉवरसाठी नवं हँडल आवडलं की लगेच घेऊन टाकू नका. आधी जुनं काढा आणि दोन भोकांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मिलिमीटरमध्ये मोजा. बाजारात ९६, १२८, १६० अशी ठरावीक मापं मिळतात. जुळलं तर काम अगदी सोपं. नाहीतर जुनी भोकं भुसा आणि गोंद कालवून बुजवावी लागतात, आणि पॉलिशवर तो डाग काही केल्या लपत नाही. अशा वेळी मागे पट्टी असलेलं हँडलच घ्या, भोकं तिच्याखाली झाकली जातात. नवं भोक समोरून पाडा, पण ड्रॉवरच्या आतून लाकडाचा तुकडा क्लॅम्पने आवळून, म्हणजे ड्रिल बाहेर पडताना लाकडाच्या ढलप्या उडत नाहीत. स्क्रूचे शेवटचे आटे हातानेच फिरवा. आणि जुनी मूठ पितळी असेल तर आधी घासून बघा, कदाचित बदलावीशी वाटणारच नाही.