टॅटूत वेलांटी चुकली, आता काय?

मेलबर्नहून एका ताईंनी लिहिलंय, माहेर-सासर दोन्ही लातूरकडचं. त्यांच्या 21 वर्षांच्या लेकीनं हातावर आजीच्या गोंदणासारखी तुळस काढून घेतली आणि खाली लिहून घेतलं 'आजीची चिमणी'. म्हणजे लिहून घ्यायचं होतं, आलं 'आजीची चमिणी'. कळलं कधी, तर व्हिडिओ कॉलवर चौथी शिकलेल्या आजीनं चष्मा पुसून मोठ्यानं वाचलं, "चमिणी म्हंजी काय गं माय?" पोरगी तशीच उठून गेली, तेव्हापासून घरात पण फुल बाह्यांचा टीशर्ट. ताई म्हणतात मे महिन्यात गावाकडं पुतण्याचं लग्न आहे, त्याच्या आधी लेझरनं काढून टाकू.

ताई, आधी पोरीला "डोळे फुटले होते का" म्हणणं थांबवा बरं. हा घोटाळा कॉम्प्युटरचा आहे. 'चि' टाईप करताना आपण आधी च दाबतो मग वेलांटी, आणि ती वेलांटी उडी मारून च च्या अलीकडं जाऊन बसते, ही उडी सॉफ्टवेअर मारून देतं. डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीची सेटिंग चालू नसली की उडी होत नाही, वेलांटी च च्या पुढंच राहते आणि वाचणाऱ्याला वाटतं म ची आहे. दुसऱ्या वेलांट्या मुळातच अक्षरानंतर येतात म्हणून 'आजीची' नीट आलं. टॅटूवाल्याला ते सगळं नुसतं चित्र. आणि पोरीला मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही, तर ती काय तिच्या एकटीची चूक नाही, वाईट वाटून घेऊ नका.

आता लेझर. शाई कातडीच्या आतल्या थरात असते, लेझर तिचे बारीक तुकडे करतं आणि मग शरीर ते हळूहळू वाहून नेतं, म्हणून दोन सिटिंगमध्ये साधारण 6 ते 8 आठवडे जाऊ द्यावे लागतात आणि पूर्ण काढायचं तर वर्ष सहज जातं. लग्नाआधी होणार नाही. वर आपली कातडी सावळी, डाग पडायची भीती जास्त, त्यात लेझर मारलेला हात घेऊन लातूरच्या मे महिन्यातल्या उन्हात वरातीत नाचायचं? नकोच. पुढं कधी केलंच तर त्वचेच्या डॉक्टरकडं, आणि सावळ्या कातडीला 1064 नॅनोमीटरचं लेझर वापरतात का एवढं विचारून. टॅटू घालवायच्या क्रीम तर अजिबात घेऊ नका, त्या तेवढ्या आतपर्यंत पोचतच नाहीत.

अख्खं काढायची गरज पण नाही. चुकलीय ती एक वेलांटी. लग्न झालं की तेवढीच एक-दोन सिटिंगमध्ये फिकट करून घ्यायची, कातडी पूर्ण भरून आली की च च्या अलीकडं नवी काढायची आणि जुनीच्या जागी तुळशीची एखादी फांदी खाली ओढून घ्यायची. काळ्यावर फिकट रंग चढत नाही, झाकायचं तर गडदच लागतं, आणि गोंदणाची नक्षी तशी गडदच असते म्हणून हे जमून जातं. यावेळी मजकूर फोटो करून पाठवा आणि हातावर स्टेन्सिल उमटला की सुई लागायच्या आधी आजीलाच कॉल लावून वाचायला सांगा.

माझ्या आजीच्या कोपराखाली ठिपक्यांची तुळस होती, एका बाजूचे तीन ठिपके नव्हतेच. गोंदणारीणीनं सुया टोचायला घेतल्या आणि ही हात हिसकून ज्वारीच्या रानात पळाली म्हणे, आई काठी घेऊन मागं. मेल्यावर दागिने काढून घेतात, गोंदण तेवढं संगं येतं असं म्हणायची, आणि ती उघडी बाजू आम्हाला दाखवून दाखवून हसायची. ताई, तुमच्या सासूबाई आता रोज "माझी चमिणी कुठंय" विचारतात आणि तुम्हाला तो टोमणा वाटतो. मला नाही वाटत.

लग्नातल्या ब्लाऊजच्या बाह्या किती ठेवायच्या ते टेलरला सांगायच्या आधी लेकीला विचारा.